चित्र आलं, पण काकांचा आवाज कुठाय?

गेल्या महिन्यात बडोद्याला मावशीकडे गेले होते. चहा व्हायच्या आधीच तिने माझ्या हातात रिमोट ठेवले. एक नव्हे, दोन. "तू त्या साप्ताहिकात यंत्रांबद्दल लिहितेस ना? मग आधी हे बघ."

झालं होतं असं. दिवाळीत मावशीने भिंतीवरचा नवा टी.व्ही. घेतला. तो लावायला आलेल्या मुलाने जुना डी.व्ही.डी. प्लेअर कसाबसा जोडून दिला. चित्र काळंपांढरं दिसलं, तशी "आजी, हा डबा आता भंगारात द्या" असं सांगून स्वारी निघून गेली. मावशीने डबा दिला नाही. कारण कपाटात एक चकती होती, २००६ साली काकांच्या साठीशांतीत काढलेली. समारंभाच्या शेवटी काका माइक घेऊन बोलले होते. काकांना जाऊन चार वर्षं झाली, आणि त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही.

अशी एखादी चकती तुमच्याही कपाटात असेल. लग्नाची, मुंजीची, नाहीतर बारशाची. म्हणून आज हा विषय.

मी आधी टी.व्ही.च्या मागे डोकावले. प्लेअरच्या वायरला तीन पिना असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची आणि लाल उजव्या बाजूच्या. वायरचं एक टोक प्लेअरच्या 'आउट'मध्ये आणि दुसरं टी.व्ही.च्या 'इन'मध्ये जातं. जुन्या खोक्यासारख्या टी.व्ही.ला पुष्कळदा 'इन' आणि 'आउट' दोन्ही असायचे, त्यामुळे निम्म्या घरांतला घोटाळा तिथेच सापडायचा.

मावशीच्या टी.व्ही.ला मात्र पिवळं भोक नव्हतंच! हिरवं, निळं, लाल आणि शेजारी पांढरं, पुन्हा लाल. पहिली तीन भोकं 'कॉम्पोनंट' नावाच्या जोडणीची असतात. त्यात चित्र तीन वायरींतून येतं: हिरवीतून उजेड-अंधार, निळ्या आणि लाल वायरींतून रंग. जागा वाचवण्यासाठी अनेक कंपन्या हिरव्याच भोकावर पिवळ्याचंही काम टाकतात. त्या मुलाने पिवळी पिन हिरव्यात घातली होती, आणि ते बरोबरच होतं. चूक पुढे होती. रिमोटवरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट'चं बटण दाबलं की यादी येते, त्यात त्याने 'कॉम्पोनंट' निवडलं होतं. मग टी.व्ही. हिरव्या भोकातून फक्त उजेड-अंधार वाचतो आणि रंगांसाठी बाकीच्या दोन भोकांची वाट पाहत बसतो. ती तर रिकामीच! यादीत 'ए.व्ही.' निवडलं, आणि मावशीची मोरपंखी पैठणी मोरपंखी झाली.

आवाजही आला. हॉलमधला गलबला, मुलांची पळापळ, भांड्यांचा खणखणाट, सगळं होतं. काका माइक घेऊन उभे राहिले, त्यांचे ओठ हलायला लागले. पण ऐकू आलं ते लांबून कोणीतरी पुटपुटल्यासारखं. मी आवाज वाढवला, तसा भांड्यांचा खणखणाटच वाढला. मावशी काही बोलली नाही. पदराने चष्मा पुसत राहिली.

पुन्हा टी.व्ही.च्या मागे. लाल पिन नुसतीच लोंबकळत होती! लाल भोकं दोन, त्यातलं आपलं कोणतं हे न कळल्याने त्या मुलाने ती लावलीच नव्हती. नुसती पांढरी पिन लावली तरी बरेच टी.व्ही. तोच आवाज दोन्ही बाजूंनी देतात, त्यामुळे काही राहिलंय अशी शंकाही येत नाही. पण समारंभाचं चित्रण करणारे पुष्कळदा एका बाजूला कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला हातातला. काकांचा आवाज सगळा उजव्या बाजूला होता. लाल पिन पांढऱ्याच्या शेजारच्या लाल भोकात घातली मात्र, आणि काका खोलीत बोलायला लागले: "जेवणं थांबलीत, मी दोनच मिनिटं घेतो..."

मावशी मी नसल्यासारखं टी.व्ही.ला म्हणाली, "नेहमी दोनच मिनिटं म्हणायचे." भाषण चांगलं अकरा मिनिटांचं निघालं.

तुमच्याकडचं दुखणं याहून वेगळं असू शकेल. चित्र वर-खाली पळत असेल किंवा रंग नसतील, तर चकती कुठून आली ते आठवा. आपल्याकडची पद्धत 'पाल', सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकेतली 'एनटीएससी', सेकंदाला जवळपास ३० चित्रांची. तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली चकती जुन्या टी.व्ही.वर धिंगाणा घालते. प्लेअरच्या 'सेटअप'मध्ये टी.व्ही.ची पद्धत 'पाल' करून बघा.

कालपर्यंत ठीक होतं, नातवाने रिमोटशी खेळल्यावर पडदा काळा झाला, असं असेल तर बहुतेक 'पी-स्कॅन' किंवा 'व्ही-मोड'चं बटण दाबलं गेलंय. त्याने चित्र पिवळ्या वायरीऐवजी दुसऱ्या जोडणीकडे वळतं. चकती बाहेर काढा आणि तेच बटण थोडं थांबत थांबत पुन्हा दाबत राहा. बिघाड समजून लोक प्लेअर दुरुस्तीला टाकतात, त्यातले किती या एका बटणाचे बळी असतील कोण जाणे!

प्लेअरला 'एचडीएमआय'चं चपटं सॉकेट असेल तर एकाच वायरीत चित्र आणि आवाज दोन्ही येतात, पिनांची कटकटच नाही. फक्त 'सोर्स'च्या यादीत भोकाचा नेमका क्रमांक निवडायचा. चित्र आहे आणि आवाज नाही, असं झालं तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ'ऐवजी 'पीसीएम' करा. अगदी नव्या काही टी.व्ही.ंना रंगीत भोकंच नसतात, हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं. त्याची वायर त्याच टी.व्ही.साठीची घ्या. दिसायला सारख्या असल्या तरी आतली जोडणी कंपनीगणिक बदलते, आणि बाजारातली कोणतीही लावली की चित्र लाल पिनेतून येण्यासारखे चमत्कार होतात.

आता महत्त्वाचं. घरगुती चकत्यांमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता लागली की तो खराब होतो. पुसायच्या झाल्या तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आणि चालतायत तोवर प्रत काढा. डी.व्ही.डी.चा ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरवर चकती उघडली की 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. तो अख्खा उचलून ठेवायचा, आणि एकाच जागी नाही.

मावशीची प्रत मी दुसऱ्याच दिवशी काढली. एक तिच्या मुलाकडे, एक माझ्याकडे. निघताना पाहिलं तर लाल पिनेभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर मावशीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ह्यांचा आवाज'.