धरण बांधले, कालव्यांचे काय?

मराठी चित्रपटाने परदेशातून मानसन्मान आणावा आणि ज्या माणसांच्या जीवनातून तो उभा राहिला त्यांनाच तो पाहावयास मिळू नये, ही विसंगती आता आपल्या अंगवळणी पडली आहे. जयंत सोमलकर यांनी विदर्भातील खेड्यात, तेथल्याच माणसांना घेऊन, मुलगी पाहण्याच्या प्रथेवर ‘स्थळ’ हा चित्रपट केला. टोरांटोच्या महोत्सवात तो सप्टेंबर २०२३ मध्ये दाखविला गेला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत यावयास मार्च २०२५ उजाडला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले. परंतु असे चित्रपट चित्रपटगृहांत येतात तेही मोजक्या शहरांत, अडनिड्या वेळी आणि थोड्या दिवसांसाठी. तालुक्याच्या गावातील प्रेक्षकाच्या वाट्याला येते ती केवळ वर्तमानपत्रातील बातमी.

हे दुर्दैव केवळ बाजाराच्या माथी मारून चालणार नाही. चांगल्या चित्रपटाच्या निर्मितीस साहाय्य करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व आपण कधीच स्वीकारले आहे. १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट वित्त महामंडळ स्थापन केले. ‘भुवन शोम’ (१९६९) हा मृणाल सेन यांचा चित्रपट त्याच्याच अर्थसाहाय्यावर झाला. पुढे १९८० मध्ये हे महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. महाराष्ट्र शासनही दर्जेदार मराठी चित्रपटांना लाखो रुपयांचे अनुदान देते. म्हणजे सार्वजनिक पैसा निर्मितीच्या टोकाला खर्च होतो आणि तेथेच थांबतो. मराठवाड्यातील वाचकास हे चित्र अपरिचित वाटू नये. पैठणला धरण भरले म्हणून कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेत भिजतेच असे नाही. चित्रपटांच्या बाबतीत आपण धरण बांधले. कालव्यांचा आराखडा मात्र बासनात ठेवला.

तो कालवा एकेकाळी वाहत होता. १९८०च्या दशकात देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे विणले गेले आणि रविवारी दुपारी दूरदर्शनवरून प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखविले जाऊ लागले. कन्नड, मल्याळी, असमिया, बंगाली चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह मराठी घरांत पोहोचले. अनेकांना ते संथ वाटले, अनेकांनी दूरचित्रवाणी संच बंदही केले असतील. तथापि एखाद्या लहान गावातील शिक्षकाला वा विद्यार्थ्याला चित्रपट असाही असू शकतो याचा प्रथम साक्षात्कार झाला तो याच दुपारी. त्या वेळी दुसरी वाहिनी नव्हती, म्हणून लोक पाहत होते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच की, आज हे काम अधिक कौशल्याने करावे लागेल. ते करूच नये, असा नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, एकदा तयार झालेला चित्रपट आणखी एक लाख घरांत दाखविण्यास दूरदर्शनला जवळजवळ अधिक खर्च येत नाही. ज्या वस्तूचा एकाने घेतलेला उपभोग दुसऱ्याच्या वाट्यातून काही कमी करीत नाही, तिच्या वितरणाची जबाबदारी सार्वजनिक संस्थेने उचलावी, हे तर आपल्या शास्त्राचे प्राथमिक सूत्र होय. दुसरा मुद्दा असा की, चित्रपटाचे मोल तो पाहिल्यावाचून कळत नाही. साहजिकच न पाहिलेल्या गोष्टीला मागणी नाही, म्हणून पुरवठा नाही आणि पुरवठा नाही म्हणून मागणी नाही, असे दुष्टचक्र निर्माण होते. ‘हल्ली सर्व काही भ्रमणध्वनीवर मिळते’ या युक्तिवादाला उत्तर येथेच सापडते. शोधावयाचे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तेथे ते सापडते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे आपले स्वतःचे व्यासपीठ सुरू केले, हे योग्यच झाले. परंतु कोठार उघडणे वेगळे आणि पंक्तीत पान वाढणे वेगळे.

खरी अडचण आहे ती निवडीच्या अधिकाराची. जो पैसा देतो तो निवड करतो, आणि सरकारी निवड बहुधा निरुपद्रवी गोष्टींकडे झुकते. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरील ‘बियाँड जेनोसाइड’ या राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या अनुबोधपटाला दूरदर्शनने नकार दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार अमान्य केला. आनंद पटवर्धन यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९०च्या दशकाच्या मध्यात पूर्ण झाला. तो दाखवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला २००६ मध्ये. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे याच न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले होते. प्रसार भारती कायदा १९९७ पासून अमलात आला. पण प्रत्येक चित्रपटकर्त्याने न्यायालयाची पायरी चढून आपला तास मिळवावा, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘पी.ओ.व्ही.’ ही स्वतंत्र अनुबोधपटांची मालिका १९८८ पासून चालत आली आहे. तेथे जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी काढून घेतला. संस्था कितीही जुनी असो, तिची तिजोरी एका मतदानावर अवलंबून असेल तर तिचे स्वातंत्र्यही तितकेच तकलादू ठरते, हा त्यातील धडा आहे.

म्हणून मागणी मर्यादित, पण नेमकी असावी. सह्याद्री वाहिनीने आठवड्यातील एक ठरावीक तास, तोही लोक जागे असताना, स्वतंत्र चित्रपट व अनुबोधपटांसाठी राखून ठेवावा. कथापट मोठा असेल तर तो दोन भागांत दाखवावा. शासकीय अनुदान घेणाऱ्या चित्रपटाने प्रदर्शनानंतर ठरावीक मुदतीने प्रक्षेपणाचा हक्क द्यावा आणि त्याचा रास्त मोबदला निर्मात्यास मिळावा. निवड शासनाबाहेरील जाणकारांच्या समितीने करावी व नकार दिल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. चित्रपटानंतर दिग्दर्शकाशी संवाद असावा. कारण प्रेक्षक घडतो तो पाहण्याइतकाच चर्चेतून. छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ महोत्सवाच्या दिवसांत हा संवाद आपण पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये या महोत्सवाचे दहावे पर्व झाले. तथापि वर्षातील पाच दिवस एका शहरात जे घडते ते गेवराईच्या, वैजापूरच्या वा हिंगोलीच्या घरात उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत का घडू नये?

यासाठी नवे धरण नको, नवा कायदाही नको. पाणी साठलेले आहे, ते करदात्याच्या पैशाने साठले आहे, आणि कालव्याचे दार ज्यांच्या हाती आहे तेही जनतेचेच नोकर आहेत. ते दार उघडण्याची मागणी आता प्रेक्षकानेच केली पाहिजे.