शेवटल्या माणसाची चाल

चालावयास मनुष्य बालपणींच शिकतो; परंतु दहा जणांबरोबर चालावयास शिकण्यास पुष्कळांना सबंध आयुष्यहि पुरत नाहीं. ही विद्या कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील लोकांनीं मात्र तिची एक पाठशाळाच उघडली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. तिकडे वस्तीबाहेरील रानास ‘बुश’ म्हणतात, आणि त्या रानांतून पायीं हिंडण्यास ‘बुशवॉकिंग’. ह्या छंदाकरितां तेथें ठिकठिकाणीं मंडळें आहेत. त्यांच्या एका दिवसाच्या सहलींविषयीं आम्हांला येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण त्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं घेण्याजोगें पुष्कळ आहे, असें आमचें मत आहे.

ह्या मंडळांची परंपरा बरीच जुनी आहे. सिडनी शहरांत १९१४ सालीं ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ निघाला. माइल्स डन्फी हे त्याच्या संस्थापकांपैकीं प्रमुख होत. त्या क्लबांत केवळ पुरुषांसच प्रवेश असे. पुढें १९२७ सालीं ‘सिडनी बुश वॉकर्स’ हें मंडळ स्थापन झालें, आणि त्यानें स्त्रिया व पुरुष अशा दोघांनाहि आपलें दार उघडलें. मेलबर्न येथें तर स्त्रियांनीं १९२२ सालींच आपलें स्वतंत्र मंडळ काढलें होतें.

सहलीची रीत अगदीं साधी असते. पुढील कांहीं महिन्यांचा कार्यक्रम मंडळ आधींच प्रसिद्ध करतें. प्रत्येक सहलीपुढें अंतर किती, चढउतार किती, वाट सोपी, मध्यम कीं कठीण, आणि नेता कोण, हें स्पष्ट लिहिलेलें असतें. नवख्या माणसानें यावयाचें तर नेत्यास आधीं कळवावें लागतें. नेता त्याच्या संवयीची व प्रकृतीची चौकशी करतो, आणि वाट त्याच्या शक्तीबाहेरची वाटल्यास दुसरी सोपी सहल सुचवितो. पाणी, जेवणाचा डबा, पावसाचा अंगरखा, सर्पदंशावर बांधावयाची लांब पट्टी, हें सर्व ज्यानें त्यानें आपल्या पाठीवर वाहावयाचें असतें.

परंतु ज्या एका नियमावर ही सगळी इमारत उभी आहे, तो निराळाच आहे. सर्वांच्या पुढें नेता आणि सर्वांच्या मागें एक अनुभवी गडी. नेत्याच्या पुढें कोणीं जावयाचें नाहीं, आणि त्या गड्याच्या मागें कोणीं रेंगाळावयाचें नाहीं. जेथें वाटेला फाटा फुटतो, तेथें पुढच्यांनीं थांबावें, आणि शेवटला माणूस दृष्टीस पडल्यावांचून पाऊल उचलूं नये. तो येऊन पोहोंचला कीं लगेच निघावयाचें, असेंहि सुज्ञ नेता करीत नाहीं. कारण तसें केल्यास जे दमलेले नाहींत त्यांना विसावा मिळतो, आणि ज्याला तो हवा असतो तो मात्र विसाव्यावांचूनच राहतो. किती सूक्ष्म न्याय आहे हा!

ह्यावर आमचे कांहीं तरुण मित्र म्हणतील कीं, ज्याच्या पायांत बळ आहे त्यानें दुर्बळाच्या गतीला कां बांधून घ्यावें? निसर्गाची शोभा एकांतांतच खरी कळते. दहाजणांच्या गलबल्यांत ती कशी कळणार? हा आक्षेप पोकळ नाहीं. मोठा जमाव रानांत शिरला म्हणजे शांतता भंगते, पाउलवाटाहि झिजतात. म्हणूनच किती मंडळी न्यावयाची ह्याला तेथें मर्यादा घालतात. एकांताचें सुख आम्हांलाहि मान्य आहे. परंतु रान हें कोणाच्या बळाची भीडभाड ठेवीत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स नांवाच्या डोंगरांत डिसेंबर २००६ मध्यें जें घडलें, तें प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तीन शाळकरी मित्र कोणी वडील माणूस बरोबर नसतां तीन दिवसांच्या पायवाटेस निघाले. उन्हाळ्याचे दिवस, जवळचें पाणी संपलें. त्यांपैकीं सतरा वर्षांचा एक मुलगा पुढें निघून गेला आणि सोबत्यांपासून तुटला. त्यानें संकटकाळच्या क्रमांकावर पुनःपुन्हां दूरध्वनी केला. तर पलीकडून त्याला रस्त्याचें नांव विचारण्यांत आलें! रानांत रस्त्याचें नांव तो काय सांगणार? शोध करणारांस पुढें त्याचा देहच सांपडला. दूरध्वनीवरील त्या वर्तनाची २००९ सालच्या न्यायचौकशींत कडक निर्भर्त्सना झाली, हें योग्यच झालें. परंतु त्या नियमाची किंमत किती, हेंहि ह्या एका घटनेवरून कळून येतें.

एकत्र चालण्याचें आणखी एक फळ आहे. १९३१ च्या ईस्टरच्या सुटींत ह्याच डोंगरांतील ग्रोस नदीच्या खोऱ्यांत कांहीं भटके उतरले होते. निलगिरीच्या जातीच्या उंच वृक्षांचें एक सुंदर वन तेथें आहे. त्या जमिनीचा पट्टा ज्याच्याकडे होता, तो गृहस्थ तीं झाडें तोडून अक्रोडाची लागवड करावयास निघाला होता. ह्या मंडळींनीं त्याच्याशीं भांडण केलें नाहीं. आपापल्या क्लबांतून पैसा उभा केला, १३० पौंड देऊन तो पट्टा सोडवून घेतला, आणि १९३२ सालीं तें वन राखीव करविलें. ‘ब्लू गम फॉरेस्ट’ ह्या नांवानें तें अद्यापि उभें आहे. एकट्यानें फिरणाऱ्यानें त्या झाडांकडे पाहून सुस्कारा टाकला असता; दहा जण एकमेकांस ओळखत होते, म्हणून झाडें वांचलीं.

आपल्या सह्याद्रींतहि पावसाळ्यांत दर रविवारीं तरुणांच्या झुंडी गडांवर लोटतात. त्यांचा उत्साह पाहून आम्हांला आनंद होतो. पण जो आधीं माथ्यावर पोहोंचतो त्याच्या नांवाचा गजर, आणि मागें राहिलेल्याची थट्टा, हा प्रकार आम्हांला मुळींच रुचत नाहीं. आमची सूचना अशी आहे. शाळेच्या सहलींत सर्वांत मंद चालणाऱ्या मुलास नेत्याच्या अगदीं पाठोपाठ ठेवावें, आणि सर्वांत दणकट मुलास पिछाडीचें काम द्यावें. आरंभीं, मध्यें व शेवटीं मुलांची मोजदाद करावी. टाळ्या वाजवावयाच्याच असतील, तर त्या शेवटला मुलगा वर आल्यावर वाजवाव्यात. तोंपर्यंत कोणाचाच गड सर झाला नाहीं, असें समजावें.