दुबईचे ऊन नवतप्यासारखे नसते

गेल्या आठवड्यात दवनीवाड्याचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६४. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, त्यांतली एक लघवी वाढवणारी. मुलगा दुबईला नोकरीस आहे. त्याला तिकडे गोल्फचा नाद लागला असून वडिलांनाही चार दिवस मैदानावर न्यायचे त्याच्या मनात आहे. ऑगस्टमध्ये तिकीट आणि हॉटेल स्वस्त, म्हणून तोच महिना ठरला.

मी नको म्हटले तर गुरुजी हसले. "डॉक्टरसाहेब, आमाले ऊन नवं हाये का जी? नवतप्यात वावरात खत टाकतो आमी."

वाचकहो, हाच भ्रम घातक आहे. आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन कोरडे. घाम येतो तसा वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. घरचा कूलर पाहा ना! मे महिन्यात खोली थंडगार आणि श्रावणात नुसती चिकचिक. शरीराचेही तसेच आहे. दुबई वाळवंटात असली तरी समुद्राला लागून आहे. ऑगस्टमध्ये दिवसा पारा ४० अंशांच्या वर, रात्रीही ३० च्या आसपास, वर हवा दमट. घाम नुसता निथळतो, वाळत नाही. पहाटे खेळू म्हणावे तर दमटपणा तेव्हाच अधिक. शिवाय गोल्फ म्हणजे बसून खेळायचा खेळ नव्हे. १८ खड्डे पायी पुरे करायचे तर चार तास आणि सात-आठ किलोमीटर चाल होते.

तिथल्या सरकारने १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम घेण्यास बंदी घातली आहे. जिथे धडधाकट मजुराला सावलीत बसवतात, तिथे आपण पैसे मोजून उन्हात का हिंडावे? १९८९ साली सुरू झालेली 'दुबई डेझर्ट क्लासिक' ही मोठी स्पर्धाही हल्ली जानेवारीत होते.

माझे मत स्पष्ट आहे. जायचे तर नोव्हेंबर ते मार्च. तेव्हाही मैदानावर गाडी घ्यावी, टोपी घालावी आणि तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे पाणी प्यावे. लघवीची गोळी मनाने बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. रोजच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असाव्यात. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉल तिथे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणखी एक. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असे समजू नका. अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

गुरुजींनी अजून होकार दिलेला नाही. तिकिटातला फरक त्यांना फार वाटतो. मुलाचा फोन नंबर मात्र मी मागून घेतला आहे.