निकाल कोठे ठरतो?

जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावी पोलिसांनी एक बनावट 'क्रिकेट लीग' उघडकीस आणली. शेतावर राबणाऱ्या तरुणांना आयपीएलच्या संघांचे कपडे चढवून दर सामन्याला ४०० रुपयांवर मैदानात उतरविले जाई. सामना यूट्यूबवरून दाखविला जाई. प्रेक्षकांचा गलबला मात्र ध्वनिमुद्रित असे. पैजा लावणारे होते दूर रशियात. त्यांच्या पैजा कळताच सूत्रधार वॉकीटॉकीवरून पंचाला हुकूम देई, पंच खूण करी आणि तदनुसार चौकार जाई किंवा गडी बाद होई. वृत्तपत्रांनी हा प्रकार गंमत म्हणून छापला. वास्तविक सामनानिश्चितीच्या धंद्याचे इतके उघडेनागडे चित्र क्वचितच सापडेल : वर सट्ट्याचा पैसा, मध्ये हुकुमाचा ताबेदार पंच आणि तळाशी चारशे रुपयांचा मजूर.

मोठ्या मैदानांवरही यंत्रणा हीच असते. तिच्यावरचा मुलामा तेवढा जाड असतो. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या दोघा गोलंदाजांनी ठरल्याबरहुकूम तीन नो-बॉल टाकले. केवळ रेषेपुढे पडलेल्या पायावरून काहीच सिद्ध झाले नसते. परंतु पैसे घेणाऱ्या दलालाने ते चेंडू कधी पडणार हे एका वार्ताहराला आधीच सांगून ठेवले होते. म्हणूनच २०११ साली लंडनच्या न्यायालयाने कर्णधारासह तिघा खेळाडूंना तुरुंगात धाडले.

उलट उदाहरण जानेवारी २००० मधील सेंच्युरियन कसोटीचे. पावसात तीन दिवस वाहून गेल्यावर दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यावा, असा प्रस्ताव मांडला. निर्जीव सामन्यात जीव आणला म्हणून त्याची वाहवा झाली. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की, यामागे एक सट्टेबाज होता आणि क्रोनिएला त्याच्याकडून रोख रक्कम व एक चामडी जाकीट मिळाले होते. तेव्हा वाईट चेंडू हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, तशीच दिलदारी ही सचोटीची हमी नव्हे.

मग खुणा शोधाव्यात कोठे? प्रामुख्याने मैदानाबाहेर. खेळात काहीही घडलेले नसताना सट्टाबाजारातील भाव एकाएकी फिरणे. ज्या सामन्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही त्यावर अवाजवी रकमा लागणे. खेळपट्टीची किंवा संघनिवडीची 'साधी' विचारपूस करणारा, भेटवस्तू देणारा हितचिंतक खेळाडूंभोवती घोटाळू लागणे. संघ चालविणारेच सट्ट्यात गुंतलेले असणे. या शेवटच्या खुणेची प्रचीती आपल्या देशाला आलेली आहे. जुलै २०१५ मध्ये न्या. लोढा समितीने चेन्नई व राजस्थान या आयपीएल संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षे निलंबित केले, ते त्या संघांच्या वरिष्ठ वर्तुळातील सट्टेबाजीमुळेच.

परंतु सर्वांत महत्त्वाची खूण सहसा कोणी पाहत नाही. ती म्हणजे थकलेले वेतन. फुटबॉलपटूंची जागतिक संघटना फिफप्रो हिने २०१२ साली पूर्व युरोपातील खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. ४१.४ टक्के खेळाडूंना पगार वेळेवर मिळत नव्हता. ज्यांना निकाल विकण्याविषयी विचारणा झाली होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांचे वेतन रखडलेले होते. क्रोनिए किंवा लॉर्ड्सचे खेळाडू उपाशी नव्हते, हे खरे. लोभाला भूक लागतेच असे नाही. तथापि, तळच्या स्पर्धांमध्ये दलाल प्रथम ज्याच्या घरचे भाडे थकलेले आहे त्याचेच दार ठोठावतो, हा या पाहणीचा अर्थ आहे.

या विवेकाअभावी संशयाचे कसे विष होते, तेही आपण पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला. अकरा जणांचा तो पराभव. पण समाजमाध्यमांवर 'विकला गेला' म्हणून शिव्याशाप मिळाले ते एकट्या महंमद शमीला, आणि त्यामागे त्याचा धर्म होता. ही दक्षता नव्हे, हा निव्वळ जातीयवाद होय. अशा कोलाहलात खरे दलाल मात्र निर्धास्त राहतात.

कायद्याची अवस्थाही शोचनीय आहे. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात तिघा खेळाडूंना अटक झाली आणि संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा लावण्यात आला. २०१५ साली दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. विधी आयोगाने जुलै २०१८ च्या २७६ व्या अहवालात सामनानिश्चिती हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्याची शिफारस केली. श्रीलंकेने २०१९ साली असा कायदा केलाही. आपल्याकडे मात्र २०२३ साली संमत झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्यासाठी वेगळे कलम घातले गेले नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. सामनानिश्चितीविरुद्ध स्वतंत्र कायदा. क्रीडामंडळांच्या अंकित नसलेली तपासयंत्रणा. दलालाची खबर देणाऱ्या खेळाडूला पूर्ण संरक्षण. आणि जिल्हा पातळीपर्यंतच्या प्रत्येक खेळाडूला ठरल्या दिवशी ठरलेले वेतन. क्रीडाप्रेमींनीही नजर तीक्ष्ण ठेवावी, परंतु ती झेल सुटलेल्या हातांवर न रोखता त्या हातांचा भाव ठरविणाऱ्यांवर रोखावी.