रात्रीचं कुणी विचारलंच नाही

गेल्या वर्षी मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मुलाच्या शाळेचे शेवटचे तीन आठवडे बुडवून आम्ही मिशिगनहून धुळ्याला गेलो. दिवसभर अंग भाजणारं ऊन. संध्याकाळी सासूबाईंनी गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं, फरशीतून वाफ निघाली आणि ती निवल्यावर गाद्या पसरल्या. दहाला सगळं घर आडवं झालं. माझा नऊ वर्षांचा मुलगा मात्र जागा. पोटऱ्या गादीवर घासत होता. एक पाय दुसऱ्यावर, मग या कुशीवर, मग त्या, मग उठून बसला, पुन्हा आडवा. साडेबाराला सासूबाई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "जपी जाय ना भो आते." झोप ना रे आता. अडीचच्या सुमारास तो झोपला. सकाळी सातला पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली तसा उठला आणि दुपारपर्यंत त्यानं दोन कपबश्या फोडल्या, मांडवाच्या दोरीला लोंबकळला, चुलतभावाला ढकललं. मांडवातल्या एक आजी माझ्या देखत म्हणाल्या, "पोरगं भलतंच वांड आहे."

साडेनऊ तासांच्या फरकानं झोपेचं गणित बिघडलं होतं, हे खरं. पण ते पाय घासणं मला नवं नव्हतं. घरी, गार खोलीत, स्वतःच्या पलंगावरही तो तसाच तळमळतो.

त्याला एडीएचडी आहे, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार. सातव्या वर्षी निदान झालं. तेव्हा शाळेतल्या बाईंनी एक फॉर्म भरला, आम्ही एक भरला. जागेवर बसतो का, रांगेत थांबतो का, वस्तू हरवतो का, बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तोडतो का. पानभर प्रश्न, सगळे दिवसाचे. रात्री किती वाजता झोपतो, घोरतो का, पाय हलवतो का, हे त्या कागदांवर नव्हतं आणि तोंडीही कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. झोपेचा एडीएचडीशी काही संबंध असेल असं आमच्या मनातच आलं नव्हतं.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण पाव ते निम्म्या मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, असं वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. काहींच्या शरीरातलं घड्याळच मागे असतं. झोप लवकर न लागणाऱ्या अशा मुलांची तपासणी नेदरलँड्समध्ये झाली, त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अंधार पडल्यावर शरीरात झोपेचा संकेत देणारं मेलाटोनिन वाढायला लागतं, तोच क्षण या मुलांमध्ये सुमारे पाऊण तास उशिरा येत होता. म्हणजे आपण साडेआठला दिवा घालवून दटावतो, तेव्हा त्या मुलाच्या शरीरात अजून संध्याकाळच असते. त्याला हट्टी म्हणून काय साधणार?

उलट बाजूनंही पाहू. २०११ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मुलांची झोप काही रात्री तासाभरानं कमी केली. एवढ्यानंच एडीएचडी असलेल्या मुलांचं अवधान चाचणीत इतकं घसरलं, की त्यांचे आकडे आजाराच्या पट्ट्यात गेले. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर तो पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा पेंगत नाही, ते उधळतं. आपण त्याचं उधळणं पाहतो आणि 'याला झोपेची गरजच दिसत नाही' म्हणतो. लग्नाच्या मांडवात तेच झालं होतं.

आता जळगावचं सांगते. माझ्या भावाचा मुलगा पाचवीत आहे. शाळेची व्हॅन सव्वासहाला दारात. वहिनी त्याला झोपेतच मोजे चढवते, तो भिंतीला टेकून डोळे मिटून दात घासतो. दुपारपर्यंत शाळा, संध्याकाळी क्लास, नऊला जेवण. दादा दुकान बंद करून दहाला येतो, तेव्हा घरात खरी संध्याकाळ होते: हसणं, टीव्ही, वाटीभर आमरस. वडिलांच्या कुशीत बसण्याची ती एकच वेळ, ती त्याच्याकडून काढून घ्या असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण हिशेब मांडला तर शाळेच्या दिवसांत त्याला जेमतेम साडेसहा तास झोप मिळते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं. उन्हाळ्यात तर आणखी कठीण. पारा ४५ अंशांपर्यंत जातो, सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो, आणि वीज गेली की कूलरचा आवाज थांबल्या थांबल्या सगळं घर जागं होतं. उन्हापायी मार्च-एप्रिलात एरवी दुपारी भरणाऱ्या शाळाही सकाळच्या होतात. त्यामागचं कारण योग्यच आहे, पण रात्री उशिरा निवणाऱ्या घरातल्या पोराला पहाटे उठावं लागतं.

दादाकडेही शाळेतून तक्रारी येतात. वहीत लिहीत नाही, खिडकीबाहेर बघतो. त्याला एडीएचडी आहे की नुसती झोपेची उपासमार, ते मला माहीत नाही. तेच माझं म्हणणं आहे: त्याची झोप पूर्ण केल्याशिवाय ते कुणालाच नीट सांगता येणार नाही.

महाराष्ट्र सरकारनं ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्णय काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला होता. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा आणि बसवाले यांनी अडचणी मांडल्या, त्या खोट्या नव्हत्या. तरीही मुलाची झोप हा सरकारी कागदावर येण्याजोगा विषय ठरला, याचं मला मोल वाटतं. माझा भाचा पाचवीत गेल्यामुळे त्यातून सुटला, एवढीच हळहळ. शिवाय २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून ज्या ३० गोष्टी तपासायच्या, त्यांत एडीएचडी आहे. तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनी तिथेच 'रात्री कसा झोपतो?' एवढं विचारलं तर त्याला खर्च नाही, यंत्र नाही.

काही मैत्रिणी हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे गोळ्या नकोतच ना? लवकर झोपवलं की झालं." असं मी अजिबात म्हणत नाही. एडीएचडी हा मेंदूच्या घडणीशी आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेशी जोडलेला खरा आजार आहे. आईच्या लाडानं होत नाही, नऊला झोपवून बराही होत नाही. माझ्या मुलाची गोळी चालू आहे आणि तिचा त्याला उपयोग होतो. मात्र गोळीची वेळ चुकून दुपारनंतर सरकली की रात्र लांबते, हेही आम्ही भोगलं आहे. झोप सुधारूनही सगळं सुटत नाही, याला घोरण्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे पोरगं घोरतं म्हणजे गाढ झोपलंय असं समजतात. खरं तर बऱ्याचदा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढून श्वास अडतो, झोप तुटत राहते. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर याचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. गाठी काढल्यावर मुलांचं वागणं आणि झोप सुधारली, पण अवधानाच्या चाचणीतले गुण मात्र लक्षात येण्याइतके वाढले नाहीत. मी ही दुसरी बाजूही मुद्दाम सांगते आहे. झोप सगळं बरं करते असं सांगितलं, तर पहिल्या महिन्यातच लोक निराश होऊन सोडून देतील.

मला सगळ्यात धीर दिला तो मेलबर्नच्या संशोधकांच्या कामानं. एडीएचडी आणि झोपेचा त्रास असलेली ५ ते १२ वर्षांची २४४ मुलं. निम्म्या कुटुंबांना झोपेबद्दल दोन भेटींत सल्ला आणि नंतर एक फोन, इतकंच. सहा महिन्यांनंतरही त्या मुलांची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. अशा सल्ल्यातली एक युक्ती आम्ही डॉक्टरांना विचारून केली. साडेआठला पलंगावर ढकलून दोन तास भांडण्याऐवजी त्याला खरी झोप येते तेव्हाच, साडेदहाला, आडवं करायचं. उठण्याची वेळ रोज तीच, रविवारीसुद्धा. झोप पटकन लागायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे यायचं. पलंग म्हणजे भांडणाची जागा, ही त्याच्या मनातली जोडणी सुटायला तीन आठवडे लागले.

पायांचं कारण निराळंच निघालं. धुळ्याहून परतल्यावर मी डॉक्टरांना ती गच्चीवरची रात्र जशीच्या तशी सांगितली. त्यांनी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. तो कमी होता. लोह कमी असलं की पायांत वळवळ होऊन झोप लागत नाही, असं बऱ्याच मुलांत दिसतं. लोहाचं औषध सुरू झालं, डॉक्टरांच्या देखरेखीत. आपल्या मनानं ते देऊ नये, लोह जास्त झालं तर अपाय होतो. गावी गेल्यावर पाच घरी पाच वेळा बशीत ओतून मुलाला दिला जाणारा चहाही मी थांबवला. चहामुळे लोह कमी शोषलं जातं, आणि संध्याकाळचा चहा झोपही उडवतो. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागला नाही, लोखंडी कढईतली मेथीची भाजी त्या आनंदानं करतात.

इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांत सर्रास दिसणाऱ्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांबद्दल मात्र मला काळजी वाटते. दुकानात खाऊसारख्या मिळतात म्हणून त्या खाऊ नव्हेत. २०२३ साली अशा २५ प्रकारच्या गोळ्या प्रयोगशाळेत तपासल्या, तर २२ डब्यांवरचा आकडा चुकीचा निघाला. एकात तर लिहिल्याच्या तिपटीहून अधिक मेलाटोनिन होतं. काही मुलांना मेलाटोनिनचा उपयोग होतो, पण किती, केव्हा आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावं.

आता इथल्या आपल्या मराठी मंडळाकडे येते. आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात आधी सत्कार, मग भाषणं, मग मोठ्यांचं नाटक आणि बालनाट्य साडेनऊला. मुलं मेकअप करून चार तास विंगेत बसतात, घरी पोहोचेपर्यंत बारा. माझा मुलगा गेल्या वर्षी रंगमंचावर संवाद विसरला, पडदा ओढून पळाला, आणि परतताना गाडीत हुंदके देत म्हणाला, "आई, मी वाईट मुलगा आहे का?" त्या दिवशी तो सकाळी सहापासून जागा होता. त्यानंतर आम्ही रात्रीच्या कार्यक्रमांना यायचंच सोडलं. आमच्यासारखी आणखी दोन घरं मला माहीत आहेत. त्यांनी कारण कुणाला सांगितलं नाही.

मुलांचे सगळे कार्यक्रम दुपारी चार ते सहात संपवावेत, आणि जेवणाची पहिली पंगत त्यांची असावी, असं पत्र मी कार्यकारिणीला दिलं आहे. त्या वेळी रंगमंच तयार नसतो, अशी अडचण सांगितली जाते. त्या दिवशी सकाळी दहापासून मांडामांड करायला आम्ही तिन्ही घरं तयार आहोत.