आधी जनुक, मग रोग : एलेन फुक्स यांचा उलटा प्रवास

१. संशोधनाला निधी देताना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विचारलाच जातो. प्रश्न रास्त आहे; पण तो फार लवकर विचारला जातो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एलेन फुक्स यांच्या कारकिर्दीवरून दिसते.

२. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फुक्स एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन यांच्याकडे काम करीत होत्या. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्र तेथे अवगत झाले होते. या पेशी केराटिन हे प्रथिन कसे घडवतात, एवढेच फुक्स यांचे कुतूहल होते. कोणताही रोग त्यांच्यासमोर नव्हता.

३. १९८० मध्ये त्या शिकागो विद्यापीठात रुजू झाल्या. आनुवंशिक रोगाचा शोध तेव्हा बहुधा रुग्णांच्या कुटुंबांपासून सुरू होऊन जनुकापर्यंत पोहोचे. फुक्स यांच्या गटाने उलटी वाट धरली : केराटिन-१४चे सदोष जनुक उंदरांत घातले.

४. त्या उंदरांच्या पिलांची त्वचा किरकोळ घर्षणानेही फोडांनी भरली. पेशींना आतून बळ देणारे केराटिनचे तंतू विस्कटले होते आणि पेशीच फाटत होत्या. या लक्षणांशी जुळणारा मानवी आजार शोधताना नाव समोर आले : एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स.

५. या आजारात बाळाला नुसते हाताळले तरी अंगावर फोड उठू शकतात. वैद्यकाला तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. कारण मात्र अज्ञात होते. १९९१ मध्ये फुक्स यांच्या गटाने तपासलेल्या दोन रुग्णांत केराटिन-१४च्या साखळीतील १२५व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले.

६. त्याच वर्षी दुसरा एक गट रुग्णांच्या कुटुंबांच्या अभ्यासातून याच निष्कर्षावर पोहोचला. म्हणजे रूढ वाटही निष्फळ नव्हती. मात्र जनुकातील दोषाने त्वचा नेमकी कशी फाटते, हे उंदरांनी डोळ्यांसमोर उलगडून दाखवले.

७. पुढे केसांच्या बाबतीतही हेच घडले. १९९८ मध्ये बीटा-कॅटेनिन या प्रथिनामुळे उंदरांच्या त्वचेत नवी केशमुळे उगवली आणि काहींत गाठीही आल्या. १९९९ मध्ये माणसांतील तशाच गाठींत त्याच जनुकातील बदल सापडले.

८. कारण सापडले, तरी या फोडांच्या आजारावर मुख्य भिस्त आजही जखमांच्या शुश्रूषेवरच आहे. तेव्हा उपयोगाचा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु अचूक निदान आणि पुढच्या अपत्याबाबत पालकांना मिळणारा सल्ला त्या निर्हेतुक कुतूहलातूनच शक्य झाला. आरंभीच रोगाचे नाव मागितले असते, तर फुक्स यांच्याजवळ ते नव्हते.