चार्ज यादीत घंटा आहे, पोरांची भाषा नाही

परवा शहाद्यात बसस्टँडबाहेर आमचे एक जुने सहकारी भेटले. वयानं मोठे, त्यामुळे सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावरच्या शाळेत त्यांनी नऊ वर्षं काढली, मग बदली होऊन सपाटीला आले. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "आप्पा, ती तुमची वही कुठंय?"

"कोणती?"

"ती पावरी शब्दांची."

आप्पा हसले. "व्हई पडेल घरमाच कोठे तरी."

त्या वहीबद्दल थोडं सांगतो. पहिलीत आलेलं पोर पोटात दुखलं तर घरच्या भाषेत काय म्हणतं, बाहेर जायचं असेल तर काय म्हणतं, गुरुजींचं बोलणं कळलं नसेल तर ते गप्प बसतं की मान डोलावतं, हे सगळं त्यात होतं. 'अ अननसाचा' तिथं चालत नाही, कारण अननस कुणी पाहिलेलाच नाही, हेही होतं. पण 'ण बाणाचा' या चित्रावर मात्र पोरं उठून उभी राहिली. बाण कशाचा करतात, दोरी कशाची, पीस कुठं लावायचं, यावर तासभर बोलली, आणि नेहमी शिकवणारे आप्पा त्या दिवशी खाली बसून लिहून घेत होते. पुढं त्यांनी वाचनाची सुरुवातच त्या शब्दांपासून केली. पोरं वाचायला लागली.

मग बदलीचा आदेश आला आणि आप्पांनी चार्ज दिला. चार्ज यादी मी पाहिली आहे. लोखंडी कपाट, टेबल, खुर्च्या, घंटा, वजनकाटा, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ किलो-ग्रॅमसकट, जनरल रजिस्टर, कॅशबुक, एक बंद टीव्ही. दोघांच्या सह्या, तारीख, शिक्का. वहीची नोंद नाही, कारण वही सरकारी नाही.

त्यांच्या जागी ज्या मॅडम आल्या त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या. हुशार, मनापासून काम करणाऱ्या. पहिलं वर्ष त्यांचं पोरांचं बोलणं समजून घेण्यातच गेलं. एकदा मला म्हणाल्या, "सर, मी काही विचारलं की ही मुलं नुसती हसतात, मला रडू येतं." आप्पा आणि मॅडम त्या वर्षात तीन-चार वेळा एकाच हॉलमध्ये, एकाच शिक्षण परिषदेत बसले होते. दोन रांगांचं अंतर असेल. कुणी त्यांची गाठ घालून दिली नाही. मीही नाही! मी तिथंच होतो, जेवणाचं नियोजन बघत होतो.

आता मुद्द्याचं बोलू. मी कोणत्या केंद्राचं, कोणत्या साहेबांचं नाव घेत नाही, कारण ही एका केंद्राची गोष्ट नाही. ज्यांना लागायचं त्यांना लागेल.

जिल्हा परिषदेइतकी मोठी नोकरीची जागा आपल्या भागात फारशी नसेल. हजारो माणसं, एकच मालक, एकच काम. पण एका शाळेत काय जमलं ते पाच किलोमीटरवरच्या शाळेला कळायची सोय नाही. माहिती वर जाते. शाळेतून केंद्रात, केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. आडवी जात नाही. यू-डायस भरा, आधार भरा, अपार आयडी भरा, फोटो टाका, लिंक भरून स्क्रीनशॉट टाका, तात्काळ, अतितात्काळ. आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला साठेक मेसेज येतात. त्यात "माझ्या पोरांना हातच्याची वजाबाकी कळत नाही, तुम्ही कशी घेता?" असा मेसेज वर्षभरात मी एकही पाहिला नाही. कुणी टाकला असता तर त्यावर पहिला रिप्लाय 'ग्रुप फक्त शासकीय माहितीसाठी आहे' असा आला असता.

आणि ही सोय कुणी केलीच नव्हती असं नाही. 1994 साली राज्यात 4,860 केंद्रं करून तेवढी केंद्रप्रमुखांची पदं निर्माण झाली. आसपासच्या शाळांचं एक केंद्र, महिन्यातून एकदा सगळे शिक्षक एकत्र, एकमेकांच्या अडचणी आणि युक्त्या समोर ठेवायच्या, अशी ती कल्पना. कागदावर आजही आहे. प्रत्यक्षात काय होतं? विषयपत्रिका वरून येते. पीपीटी वरून येते. जो वाचून दाखवतो त्यानंही ती आदल्या रात्रीच उघडलेली असते. मग परिपत्रकांचं वाचन, प्रलंबित माहितीची उजळणी, कोणत्या शाळेचं काय राहिलं त्याची जाहीर हजेरी. मग जेवण. मग ग्रुप फोटो, 'शिक्षण परिषद उत्साहात संपन्न'. अनेक केंद्रांत केंद्रप्रमुखाचं पद वर्षानुवर्षं रिकामं, एकाकडं दोन-दोन केंद्रांचा भार. तो बिचारा तरी काय करणार, त्यालाही संध्याकाळी अहवाल पाठवायचाय.

काही जण म्हणतील, ऑनलाइन कोर्स आहेत ना, दीक्षा ॲप आहे ना. आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला 50 तास प्रशिक्षण घ्यावं असंही लिहिलं आहे. पण त्या पाड्यावरचं पोर गप्प का बसतं हे दीक्षा ॲपला माहीत नाही. ते आप्पांना माहीत आहे.

ज्या कंपनीच्या नावानं आपण परिपत्रकांच्या झेरॉक्स काढतो, तिच्याच घरातली गोष्ट सांगतो. ज्युलियन ऑर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या मशीन-दुरुस्तीवाल्यांसोबत फिरला. कंपनीनं जाडजूड मॅन्युअल दिलेलं, पायरी एक, पायरी दोन. पण मशीन काही मॅन्युअल वाचून बिघडत नाही. ही माणसं नाश्त्याला, जेवणाला एकत्र बसायची आणि एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगायची. अमक्या ऑफिसातलं मशीन असं वागत होतं, मग मी तमकं करून पाहिलं. वरवर पाहणाऱ्याला टाइमपास वाटावा, पण खरी दुरुस्ती त्या गप्पांत शिकली जात होती, असं ऑरनं 1996 च्या पुस्तकात मांडलं. पुढं याच दुरुस्तीवाल्यांनी लिहिलेल्या युक्त्यांचा साठा कंपनीनं 'युरेका' नावानं सगळ्यांना खुला केला. आपल्याकडं दोन शिक्षक व्हरांड्यात बोलत उभे दिसले की साहेब विचारतात, "काम नाही का?"

लांब कशाला जा, सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट आठवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत तिथल्या साध्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. ते बघायला राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक गेले. आपल्याकडचेही गेले. येताना काय आणलं? फरशीचे फोटो. आल्या आल्या गावोगावच्या शाळांच्या फरश्यांवर ऑइलपेंटनं तक्ते रंगले. तिथले शिक्षक आपसात काय बोलायचे, कशावर भांडायचे, पोर अडलं की कुणाला विचारायचे, ते कुणी बघितलं नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

साहेबांना बोललो, आता आपल्याकडं येऊ. आपल्यात एक जमात आहे उपक्रमशील शिक्षकांची. (मीही त्यात होतो, माझीही फाइल आहे.) चांगला उपक्रम जमला की तो शेजारच्या शाळेला सांगायच्या आधी पुरस्काराच्या प्रस्तावात जातो. सांगितला तर दुसरा कुणी आपल्या आधी प्रस्ताव टाकेल अशी भीती! 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकली. आपण त्यांचे फोटो स्टेटसला ठेवले आणि आपली वजाबाकीची युक्ती कपाटात ठेवली.

संघटनांबद्दलही एक वाक्य बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. पेन्शन, बदली, वेतनश्रेणी, सगळ्यावर निवेदनं दिली, योग्यच केलं. शिक्षण परिषदेचा वेळ शिक्षकांना परत द्या, असं निवेदन देताना मी एकाही संघटनेला पाहिलेलं नाही.

"सर, वेळ कुठंय?" हे उत्तर मला पाठ आहे. याच शहादा तालुक्यात 1972 च्या सुमारास, अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या काळात, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसं बैठकांना जमत होती. कुणाची जमीन कशी गेली, मजुरी किती मागायची, हे एकमेकांना सांगत होती. बहुतेकांना सही येत नव्हती. आपण पगारी, मोटारसायकलवाले, हातात स्मार्टफोन. आपल्याला वेळ नाही!

मागणी फार मोठी नाही. शिक्षण परिषदेचे पहिले दोन तास कोणतंही परिपत्रक वाचायचं नाही. ते ग्रुपवर आलेलं असतंच, वाचता सगळ्यांना येतं. त्या दोन तासांत प्रत्येकानं एक अडलेली गोष्ट सांगायची. जमलेलं नव्हे, अडलेलं. जमलेलं ऐकून टाळ्या पडतात, अडलेलं ऐकून बाजूचा उत्तर देतो. दुसरं, चार्ज यादीला एक पान जोडायचं: या गावची पोरं घरी कोणती भाषा बोलतात, कोणतं कुटुंब कधी ऊसतोडीला जातं आणि कधी येतं, कोणत्या पोराला काय जमतं, पालकांपैकी कुणाला हाक मारली की बाकीचे येतात. आणि बदलून आलेल्या शिक्षकाला जुन्या शिक्षकासोबत दोन दिवस त्याच वर्गात बसू द्या. घंटा मोजायला अर्धा दिवस देता, तर पोरं समजून घ्यायला दोन दिवस द्या. यासाठी निधी लागत नाही, फक्त एका सहीचा आदेश लागतो.

आदेश येईपर्यंत थांबायचं नसेल त्यांच्यासाठी: आप्पांना काल फोन केला होता. वही सापडली, कडेनं थोडी कुरतडलेली आहे, पण अक्षर वाचता येतं. शनिवारी शाळा सुटल्यावर ते घेऊन येणार आहेत, मॅडमनाही कळवलंय. पायथ्याच्या शाळांतले ज्यांना यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, जागा ठरवून कळवतो. चहा माझ्याकडं. फोटो काढणार नाही.